वजन तेच, अंतर कमी: शरीरातल्या तरफा ओळखायच्या कशा, वापरायच्या कशा

पाठ धरली की घरातले लगेच विचारतात, "काय जड उचललंस?" या प्रश्नातून अर्धीच माहिती मिळते. कंबरेवर किती ताण आला हे वजनावर ठरतं, आणि ती वस्तू अंगापासून किती लांब होती यावरही तितकंच ठरतं. १५ किलोची भरलेली बादली पोटाजवळ घेऊन उचलली काय आणि हात लांब करून मोरीतून ओढून काढली काय, बादली तीच. पण कंबरेच्या स्नायूंना लागणारा जोर दुप्पट होऊ शकतो. मुंबईत वजन कमी करणं बऱ्याचदा आपल्या हातात नसतं. नळ जायच्या आत पाणी भरायचंच असतं, बाजारातून पिशव्या आणायच्याच असतात, लिफ्ट बंद असली तरी वर चढायचंच असतं. अंतर मात्र जवळजवळ नेहमी आपल्या हातात असतं. ते शरीरात कुठे बघायचं, कसं मोजायचं आणि कसं कमी करायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे. शिवणकामाची टेप जवळ ठेवा आणि वाचता वाचता स्वतःच्या अंगावर मोजत जा.

आधी सांधा शोधा, मग दोन अंतरं

घराचं दार कडीपाशी एका बोटाने ढकला, मग बिजागरीपासून चार बोटांवर ढकलून बघा. दार तेच, पण दुसऱ्या वेळी अख्खा हात लावावा लागतो. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूत बलाइतकंच महत्त्व ते बल टेकूपासून किती लांब लावलं याला असतं. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे फिरवण्याचा जोर.

टेकूभोवती फिरणारा असा दांडा म्हणजे तरफ. शरीरात टेकू म्हणजे सांधा, दांडा म्हणजे हाड आणि बल म्हणजे स्नायूची ओढ. भार म्हणजे हातातली वस्तू, पण त्यात त्या अवयवाचं स्वतःचं वजनही धरायचं. ते विसरलं की सगळा हिशेब चुकतो. कुठलीही हालचाल समोर आली की आधी विचारा, कुठला सांधा फिरतोय? मग त्या सांध्यापासून भार किती लांब आहे ते बघा, ती भारभुजा. स्नायूची ओढ सांध्यापासून किती लांबून जाते ते बघा, ती बलभुजा. ही अंतरं नेहमी बलाच्या रेषेवर काटकोनात मोजायची. वजनाची रेषा सरळ खाली जमिनीकडे जाते, म्हणून भारभुजा म्हणजे सांध्यापासून वस्तूपर्यंतचं आडवं अंतर. हात सरळ खाली सोडून पिशवी धरली तर ती कोपराच्या बरोबर खाली येते, आडवं अंतर शून्य होतं आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला जवळजवळ काहीच काम उरत नाही. तीच पिशवी कोपर वाकवून पुढे धरा, मिनिटाभरात दंड भरून येतो.

कोपरावर हिशेब करून बघा

हात काटकोनात वाकवा, तळवा वर ठेवा आणि त्याच हाताने टेबलाची कड खालून उचलल्यासारखा जोर द्या. आता मोकळ्या हाताच्या बोटांनी कोपराच्या घडीत चाचपा. दोरीसारखी ताठ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, लागेल; ती बायसेप्सची, दंडाच्या पुढच्या स्नायूची. ती पुढच्या हाताच्या हाडाला सांध्यापासून साधारण ४ सेंटिमीटरवर चिकटलेली असते. कोपरापासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजा, मोठ्या माणसात ते ३२ सेंटिमीटरच्या आसपास भरतं.

तळव्यावर ५ किलो पीठ ठेवलं तर ५ गुणिले ३२ म्हणजे १६०. पुढच्या हाताचं स्वतःचं वजन सव्वा किलोच्या आसपास, त्याचा मध्य कोपरापासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी सुमारे २०. एकूण १८०. याला ४ ने भागा: ४५. पाच किलो पीठ नुसतं स्थिर धरायला स्नायूंना ४५ किलो वजनाइतकी ओढ लावावी लागते, नऊपट. स्नायूंचं बल उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट असतं, हे सतराव्या शतकात इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली याने गणिताने मांडलं. त्याआधी समज उलटा होता, की शरीर थोड्या बलात मोठी वजनं उचलतं.

मग शरीराने असा तोट्याचा व्यवहार का केला? कारण स्नायू १ सेंटिमीटर आखडला की तळवा ८ सेंटिमीटर फिरतो. जोर देऊन वेग आणि पल्ला विकत घेतलेला आहे. शिवाजी पार्कवर चेंडू फेकणारा मुलगा याच सौद्यावर चेंडू सीमारेषेपासून यष्ट्यांपर्यंत पोचवतो. टेकू, भार आणि बल यांपैकी मध्ये काय येतं यावरून तरफेचे पहिला, दुसरा आणि तिसरा असे प्रकार पडतात. शरीरातल्या बहुतेक तरफा याच जातीच्या, तिसऱ्या प्रकारच्या आहेत: बल मध्ये, भार टोकाला.

पहिल्या प्रकारचं उदाहरण म्हणजे डोकं. मानेचा सर्वांत वरचा मणका टेकू, पुढे चेहऱ्याकडचा भार, मागे मानेच्या स्नायूंची ओढ. डोकं ५ किलोच्या आसपास असतं आणि ताठ बसल्यावर त्याचा तोल टेकूच्या किंचितच पुढे पडतो. मोबाइलसाठी मान खाली घातली की ते वजन पुढे सरकतं. मानेच्या बुडापासून १२ सेंटिमीटर पुढे गेलं आणि मागच्या स्नायूंची भुजा ४ सेंटिमीटर धरली, तर १५ किलोची ओढ सतत लागते. उपाय सरळ आहे: मोबाइल वर आणा, कोपर बॅगेवर किंवा पोटाशी टेकवा.

दुसऱ्या प्रकारासाठी पुस्तकांत चवड्यावर उभं राहण्याचं उदाहरण हमखास देतात. टेकू चवडा, मध्ये घोट्यावर शरीराचं वजन, मागे टाचेला पोटरीची ओढ, म्हणून थोड्या बलात मोठा भार उचलला जातो, असं सांगतात. हे मला पटत नाही, आणि का ते दाखवतो. ६० किलोचा माणूस एका पायाच्या चवड्यावर उभा आहे. जमीन त्याला चवड्यापाशी ६० किलोइतकंच वर ढकलते. चवडा ते घोटा १२ सेंटिमीटर, घोटा ते टाचेची कंडरा ५ सेंटिमीटर. घोट्याभोवती हिशेब केला तर पोटरीला ६० गुणिले १२ भागिले ५, म्हणजे १४४ किलो ओढावं लागतं. वजनाच्या जवळजवळ अडीचपट! पुस्तकी मांडणीत एक गोष्ट सुटते. पोटरीचं वरचं टोक पायाच्या आणि मांडीच्या हाडांनाच बांधलेलं आहे. ती टाच वर ओढते तेव्हा तेवढ्याच बलाने ती हाडं खाली, घोट्यावर दाबते. म्हणजे घोट्यावरचा भार ६० किलो नसतो, ६० अधिक १४४ असतो. पुलावर गाडीचा भोंगा ऐकून दोन दोन पायऱ्या गाळत चढणाऱ्याच्या पोटरीत गोळा का येतो, याचं उत्तर इथे आहे. कायम टाचेपाशी दुखत असेल तर जिन्यावर चवड्याऐवजी पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा. घोट्यापुढचं अंतर घटतं आणि कंडरेवरची ओढही.

वाकणं आणि उचलणं

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

टेकू म्हणजे कंबरेच्या तळाशी असलेले मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्या. मागून ओढणारे पाठीचे स्नायू तिथून अवघे ५ सेंटिमीटर मागे. पुढे भार दोन: हातातली वस्तू आणि तुमचं स्वतःचं वरचं अंग. ६० किलोच्या माणसात डोकं, हात आणि धड मिळून कंबरेच्या वर निम्म्याहून थोडं जास्त, समजा ३३ किलो असतं. पाय ताठ ठेवून वाकलं की या ३३ किलोंचा मध्य कंबरेच्या २५ सेंटिमीटर पुढे जातो. ३३ गुणिले २५ भागिले ५ म्हणजे १६५ किलो. हातात अजून काहीच नाही, जमिनीवर पडलेलं नाणं उचलायला वाकलात तरी एवढं. नाणं उचलताना उसण भरली हे लोक नवलाने सांगतात; त्यात नवल काही नाही.

आता त्याच अवस्थेत ४० सेंटिमीटर पुढे १५ किलोची बादली. १५ गुणिले ४० म्हणजे ६०० वाढले, एकूण १४२५, भागिले ५, म्हणजे २८५ किलोची ओढ. ही ओढ आणि वरच्या वजनाचा भाग, दोन्ही मणक्यांमधल्या चकतीला दाबतात. अमेरिकेची कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची सरकारी संस्था नायॉश चकतीवरच्या दाबासाठी ३४०० न्यूटन ही मर्यादा धरते, म्हणजे सुमारे ३५० किलो. घरातली एक बादली आपल्याला त्या रेषेच्या जवळ नेते.

पद्धत बदलून बघा. बादलीच्या जवळ जा, इतकं जवळ की ती दोन पावलांच्या मध्ये येईल. गुडघे आणि खुबे दोन्ही वाकवा, छाती समोर राहू द्या. बादली २० सेंटिमीटरवर आली आणि धडाचा मध्य १२ सेंटिमीटरवर. ३३ गुणिले १२ म्हणजे ३९६, अधिक १५ गुणिले २० म्हणजे ३००. बेरीज भागिले ५: सुमारे १४० किलो. निम्म्यावर आलं. उठताना एकदम हिसका देऊ नका. भाराला वेग द्यायला वेगळं बल लागतं आणि ते याच हिशेबात वाढतं. भार हातात असताना कंबरेतून वळूही नका. पावलं टाकून अख्खं अंग वळवा.

वजन उचलण्यासाठी नायॉशचं १९९१ साली सुधारलेलं सूत्र आहे. त्यात बाकी सगळं अनुकूल असेल तर मर्यादा २३ किलो, पण वस्तू घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर असेल तेव्हाच. अंतर ५० सेंटिमीटर झालं की मर्यादा साडेअकरा किलो. ६३ सेंटिमीटरच्या पुढे शून्य: इतक्या लांबून काहीच उचलू नका, असंच ते सूत्र सांगतं.

"गुडघ्यातून वाका" हा सल्ला मात्र आंधळेपणाने पाळू नका. वस्तू रुंद असेल, मोठं पिंप किंवा प्रवासाची बॅग, तर ती गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही. मग खाली बसल्यावर गुडघे आड येतात आणि वस्तू अंगापासून आणखी लांब जाते. अशा वेळी बॅग आधी उभी करा, एक गुडघा जमिनीला टेकवा, बॅग मांडीवर घ्या आणि मग उठा. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि टाकीचं वजन जवळजवळ तेवढंच. तो उचलूच नका. किंचित कलता करा आणि खालच्या कड्यावर गोल फिरवत न्या, जमीन भार घेते. हलकी वस्तू उचलायची असेल तर एक हात ओट्यावर किंवा खुर्चीवर टेकवा आणि एक पाय मागे उचलू द्या. मागे गेलेला पाय धडाचा तोल सांभाळतो आणि टेकलेला हात पाठीचं काम वाटून घेतो.

वाहून नेणं

एका हातात १५ किलोची बादली घेतली की ती कण्यापासून साधारण २५ सेंटिमीटर बाजूला लटकते. तोल सांभाळायला विरुद्ध कुशीचे स्नायू ओढतात, त्यांची भुजा ७-८ सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ ५० किलोची ओढ, शिवाय बादलीचे १५, कण्यावर मिळून ६५. त्याऐवजी तेच पाणी दोन बादल्यांत अर्धं अर्धं घ्या. दोन्ही बाजूंचे जोर एकमेकांना काटतात आणि जास्तीचा भार १५ किलोच राहतो. दोन्ही बादल्या भरून नेल्या तरी ३० किलो, एका बादलीच्या ६५ पेक्षा निम्म्याहून कमी. बाजाराला जाताना म्हणूनच एका मोठ्या पिशवीऐवजी दोन पिशव्या न्या. खांद्याला लावायची पाठपिशवी त्याहून बरी, दोन्ही पट्टे लावून, घट्ट ओढून, पाठीला चिकटलेली.

डोक्यावरचं ओझं हा या हिशेबातला सर्वांत शुद्ध प्रकार. भाऊच्या धक्क्यावरून टोपली घेऊन निघणारी कोळीण, दादरच्या मंडईतले हमाल, डब्यांनी भरलेली लांबलचक खोकी डोक्यावर घेऊन स्टेशनातून वाट काढणारे डबेवाले, सगळ्यांनी भार कण्याच्या बरोबर वर आणलेला असतो. आडवं अंतर जवळजवळ शून्य, म्हणून पाठीच्या स्नायूंची ओढ फारशी वाढत नाही. चुंबळ भार पसरवते आणि तोल मध्यावर धरते. पण सरळ खाली येणारं वजन मानेच्या मणक्यांना घ्यावंच लागतं. सवय नसलेल्याने हा प्रयोग करू नये. या कष्टकऱ्यांकडून एक गोष्ट मात्र आवर्जून घ्यावी. ओझं डोक्यावर चढवताना कोळीण शेजारणीला हाक मारते, "बाय, जरा हात लाव." जमिनीवरून डोक्यापर्यंतच्या वाटेवर ओझं अंगापासून सर्वांत लांब जातं, तो टप्पा दोघांनी मिळूनच करायचा. घरात कपाट सरकवताना किंवा माळ्यावरून ट्रंक उतरवताना आपण तेवढीही हाक मारत नाही.

माळ्याचा विषय निघालाच आहे तर खांद्याचं बघा. नुसता रिकामा हात बाजूला आडवा धरला तरी त्याचे ३ किलो सांध्यापासून ३० सेंटिमीटरवर असतात आणि खांद्याच्या स्नायूची भुजा ३ सेंटिमीटर. म्हणजे ३० किलोची ओढ, हातात काही नसताना. वस्तू आधी छातीशी आणा, मग स्टुलावर चढलेल्याकडे वर द्या. हात ताणून फेकल्यासारखी चढवू नका.

लोकलमध्ये उभं राहणं

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, साधारण ९० सेंटिमीटर उंचीवर असतो. गाडीने ब्रेक लावला की पावलं फरशीबरोबर थांबू पाहतात आणि हा मध्य पुढे जात राहतो. पावलं टेकू होतात, अख्खं शरीर दांडा. समजा गाडीचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने कमी होतोय. ६० किलोच्या माणसाला तेव्हा ६ किलोच्या जोराने कुणी पुढे ढकलावं तसं होतं. तुम्ही ९० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे सीटच्या पाठीला धरलं असेल तर हाताला ते ६ किलो पुरे पेलावे लागतात. १८० सेंटिमीटर उंचीवर धरलं तर ३ च. वर धरणं शहाणपणाचं, पण लटकती कडी आधी झुलते आणि मग ताणते, तेवढ्यात तोल गेलेला असतो. पक्का दांडा मिळाला तर तो, खांद्याच्या वर.

पावलं गाडीच्या दिशेत एकामागे एक ठेवा, हातभर अंतर सोडून, गुडघे किंचित सैल. दोन्ही पावलं शेजारी ठेवून इंजिनाकडे तोंड केलं तर पुढे तोल सांभाळायला घोट्यापासून चवड्यापर्यंतचीच जागा उरते. दारात एका हाताने खांबाला लोंबकळणाऱ्याचा गुरुत्वमध्य पावलांच्या बाहेर असतो. त्याचा सगळा फिरवण्याचा जोर चार बोटांच्या पकडीवर येतो आणि घाम आला की ती पकड सुटते. तिथे कुठलंही तंत्र चालत नाही, आत या.

खुर्चीतून उठणं

गुडघ्याची वाटी इथे मोठं काम करते. ती मांडीच्या स्नायूची कंडरा सांध्यापासून पुढे उचलून धरते आणि बलभुजा वाढवते. तिला मदत करायची तर पावलं खुर्चीखाली मागे ओढा, खुर्चीच्या कडेला सरका आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका, मग उठा. वजन गुडघ्याच्या जितकं जवळ, तितका मांडीवर ताण कमी. पावलं पुढे ठेवून सरळ उठू पाहणारे आजोबा दोनदा मागे बसतात ते ताकद कमी म्हणून नव्हे. त्यांचा तोल पावलांच्या मागे राहतो म्हणून.

खुबा, काठी आणि जिना

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. ६० किलोच्या माणसात टेकलेला पाय वगळून ५० किलो त्या एका खुब्यावर तोललेले असतात आणि त्यांचा मध्य खुब्यापासून आत ११ सेंटिमीटरवर. बाहेरून कंबर सावरणाऱ्या स्नायूची भुजा ५ सेंटिमीटर. ५० गुणिले ११ भागिले ५ म्हणजे ११० किलोची ओढ. सांध्यावर दोन्ही मिळून १६० किलो, शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त.

आता काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात द्या. ती दुखऱ्या खुब्यापासून ४० सेंटिमीटर लांब टेकते. तिच्यावर फक्त ५ किलो भार दिला तरी २०० चा जोर कमी होतो. ५५० तून २०० गेले, ३५० भागिले ५ म्हणजे ७०, अधिक उरलेले ४५: एकूण ११५. पाच किलोंच्या टेकूने सांध्यावरचे ४५ किलो उतरले. बरेच लोक काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात, तिथे ती खुब्याच्या इतकी जवळ टेकते की हा फायदा मिळत नाही. पिशवीचं उलटं. ५ किलोची पिशवी विरुद्ध हातात घेतली तर दुखऱ्या खुब्यावर ४५ किलो वाढतात. दुखऱ्या बाजूच्याच हातात घेतली तर ती तोल साधायला मदत करते. खुबा दुखत असेल तर काठी चांगल्या बाजूला, पिशवी दुखऱ्या बाजूला.

काठीची उंची चपला घालून, हात सैल सोडून मोजा: काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला, पावसाळ्याच्या आधी तर नक्कीच. ओल्या पायरीवर झिजलेलं रबर घसरतं. दुखणं पायात खाली उतरत असेल, बधिरपणा किंवा पायात कमजोरी वाटत असेल तर हे सगळे हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

जिना चढताना चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा पाय. वरच्या पायरीवरचा पाय अख्खं अंग उचलतो, ते काम चांगल्याने करायचं. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, कारण अंग सावकाश खाली सोडण्याचं काम वर राहिलेल्या पायाला करावं लागतं. रेल्वेच्या पुलावर कठड्याची बाजू धरा, काठीपेक्षा कठडा भरवशाचा. तो दुखऱ्या बाजूला आला तर काठी आपोआप योग्य हातात जाते. चांगल्या बाजूला आला तर कठडाच काठीचं काम करतो आणि काठी दुसऱ्या हातात नुसती धरून ठेवायची. गाडी नुकतीच लागून लोंढा उतरत असेल तर तो ओसरेपर्यंत वरच थांबा.